दिल्लीचं आठ टक्के जास्तीचं ऊन

२०२० च्या एप्रिलच्या सुरुवातीला एक फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेला. जालंधरच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्या मागे हिमालयातल्या धौलाधारची बर्फाने पांढरी झालेली रांग. असे फोटो बहुतेक वेळा खोटे निघतात. हा खरा होता. आपल्या गच्चीवरून हे डोंगर दिसतात हे तिथल्या तरुण पोरांना तोवर ठाऊकच नव्हतं.

त्याच सुमारास दिल्लीत उन्हाच्या नोंदींमध्येही काहीतरी नवीन उमटलं. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही, कारण ते नुसते आकडे होते. मार्चच्या अखेरीस दिल्लीत पोचलेलं ऊन २०१७ ते २०१९ मधल्या त्याच दिवसांपेक्षा ८.३ टक्क्यांनी जास्त भरलं. एप्रिलमध्ये ५.९ टक्क्यांनी. चुकीची शक्यता धरली तरी दोन्ही आकडे फार तर पावणेदोन टक्के इकडेतिकडे होतात. म्हणजे फरक खरा होता. तो कुठून आला, त्यात लॉकडाऊनचा वाटा किती आणि त्याने पृथ्वीच्या तापमानाचं काय केलं, याचा हा हिशेब.

मोजणारे आधीपासूनच बसले होते

हा अभ्यास इयान मारियस पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पीटर्स जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ संस्थेतले. सोबत एमआयटीचे टोनिओ बुओनासिसी होते आणि क्लीनटेक सोलर या कंपनीतले आंद्रे नोब्रेही. निबंध २०२० सालीच ‘जूल’ या नियतकालिकात आला. इतक्या झटपट तो येऊ शकला, कारण ही मंडळी लॉकडाऊनसाठी दिल्लीत आलीच नव्हती. २०१८ मध्येच त्यांनी दिल्लीच्या धुरक्यामुळे सौर पॅनेलचं किती ऊन बुडतं याचा हिशेब मांडला होता: वर्षाला साधारण १२ टक्के, म्हणजे चौरस मीटरमागे २०० युनिटच्या आसपास. हवेतले कण वाढले की ऊन किती घटतं, हे त्यांच्याकडे तयार होतं. उलट बाजू तपासायला दिल्लीची हवा एकदा स्वच्छ व्हायला हवी होती, आणि ते कुणाच्या हातात नव्हतं.

मग २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला आणि २५ पासून देशभर लॉकडाऊन. गाड्या थांबल्या, बांधकामं थांबली, कारखाने बंद झाले, विजेची मागणी पडली तशी कोळशावरची निर्मितीही पडली. दिल्लीतला पीएम २.५, म्हणजे हवेतल्या सर्वांत बारीक कणांचं प्रमाण, साधारण निम्म्यावर आला. उपग्रहांनीही तेच पाहिलं. उत्तर भारतावरच्या हवेतल्या कणांचं प्रमाण त्या काळासाठी वीस वर्षांतलं सर्वांत कमी असल्याचं नासाने सांगितलं.

शास्त्रज्ञाला एरवी असा प्रयोग करता येत नाही. दोन कोटी माणसांचं शहर बंद करा, मला ऊन मोजायचं आहे, असं कोण कुणाला सांगणार?

ऊन अडतं कसं

ऊन मोजायच्या यंत्राला पायरानोमीटर म्हणतात. जवळून पाहिलं तर फार साधं दिसतं: तळहातावर मावेल एवढी चकती, वर काचेचा घुमट, आत काळा रंग दिलेला एक छोटासा गोल. ऊन पडलं की काळा गोल तापतो, त्या तापण्याचं विजेच्या अगदी बारीक दाबात रूपांतर होतं आणि तो दाब नोंदला जातो. घुमटावर धूळ बसली की यंत्र खोटं बोलायला लागतं, म्हणून तो मऊ फडक्याने नियमित पुसावा लागतो. या फडक्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

सूर्याकडून आलेला किरण जमिनीवर दोन वाटांनी पोचतो. एक सरळ, ज्याने सावली पडते. दुसरा हवेतल्या रेणूंवर आणि कणांवर आपटून, विखरून, आभाळाच्या सगळ्या बाजूंनी येणारा. दिल्लीच्या धुरक्यात पहिला घटतो आणि दुसरा वाढतो. म्हणूनच तिथल्या हिवाळ्यात भर दुपारीही सावलीच्या कडा पुसट असतात आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. विखुरलेल्यातला काही भाग खाली येतो, काही परत अवकाशात जातो, आणि काळे कण, म्हणजे काजळी, काही भाग स्वतःच गिळून हवेतच तापतात. या दोन गळत्यांची बेरीज म्हणजे पॅनेलचं नुकसान. धुरक्याचा दणका निळ्या बाजूच्या उजेडाला जास्त बसतो. म्हणून नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलपेक्षा पातळ थराच्या काही नव्या जातीच्या पॅनेलचं नुकसान जास्त होतं.

आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण भर दुपारी चौरस मीटरला ९०० वॉट पडत असतील, तर आठ टक्के म्हणजे ७२ वॉट. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सात किलोवॉटच्या वर. शिवाय सौर प्रकल्पाचा खर्च बहुतेक सगळा आधीच झालेला असतो: पॅनेल घेतलेले, कर्ज काढलेलं, हप्ता ठरलेला. वर पडणारं जास्तीचं ऊन जवळजवळ निव्वळ नफ्यात जातं. जिथे नफा थोड्याच टक्क्यांत मोजतात, तिथे आठ टक्के किरकोळ नसतात.

पण लॉकडाऊनचे किती?

इथे घाई करू नये. उन्हावर सर्वांत मोठी सत्ता ढगांची असते, हवेतल्या कणांची नव्हे. शिवाय २७ मार्चच्या सुमारास उत्तर भारतात बऱ्याच भागांत पाऊस झाला. पाऊस हवा धुऊन काढतो, लॉकडाऊन असो वा नसो. एरवी दोन-तीन दिवसांत धुरकं परत जमतं; त्या वेळी जमलं नाही, कारण जमायला धूरच नव्हता. पावसाने पाटी पुसली आणि लॉकडाऊनने ती कोरी ठेवली, असं म्हणणं मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

पीटर्स यांच्या बाजूने दोन गोष्टी जातात. आधीच्या महिन्यांत त्यांना असा फरक आढळला नाही. तो नेमका बंदीबरोबर उगवला. आणि धुरकं व ऊन यांचं नातं त्यांनी लॉकडाऊनच्या कितीतरी आधी बांधलेलं होतं, आकडा आल्यावर जुळवलेलं नव्हतं.

विरुद्ध बाजू बघायची तर नेदरलँड्सला जावं. त्याच वसंतात पश्चिम युरोपात उन्हाचे विक्रम मोडले. २० एप्रिलला ब्रिटनमध्ये सौर विजेने ९.६८ गिगावॉटचा तोवरचा उच्चांक गाठला. विमानं नाहीत, गाड्या नाहीत, म्हणून ऊन वाढलं, असं लगेच छापून आलं. डच संशोधकांनी काबाऊच्या वेधशाळेतल्या नोंदी उलगडून पाहिल्या, तर बहुतेक श्रेय निघालं निरभ्र, कोरड्या हवामानाचं. कमी झालेले कण आणि विमानांच्या पांढऱ्या रेघा यांचा वाटा फारच थोडा. हे साहजिक आहे. तिथली हवा मुळातच बरी. त्यात स्वच्छ करायला उरलं होतं किती? मळकं धोतर धुतल्यावर जो फरक दिसतो तो पांढऱ्या धोतरात दिसत नाही. एकाच बंदीने दिल्लीत हातात मावेल एवढं ऊन दिलं आणि काबाऊला चिमूटभर.

भारतातसुद्धा सगळीकडे सारखं नव्हतं. दक्षिणेत कण तेवढे कमी झालेले नाहीत, उलट आधीच्या वर्षांपेक्षा किंचित जास्तच दिसताहेत, हे नासाच्याच नकाशात होतं. ती ओळ आपल्याकडच्या बातम्यांतून गळाली.

आता माझ्या गच्चीवरचं सांगतो, पुण्यातलं. घरावर छोटीशी सौर यंत्रणा आहे. त्या एप्रिलमध्ये दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या ॲपवर दिवसाची युनिटं बघत असे. दिल्लीसारखं काहीतरी दिसेल अशी आशा होती. दिसलं उलटंच: आकडा हळूहळू खालीच चाललेला. दोन-तीन दिवस मी बुचकळ्यात. मग एका सकाळी वर जाऊन पॅनेलवरून बोट फिरवलं. बोटाखाली निळी-काळी चकचकीत रेघ उमटली आणि बाकी सगळा पत्रा भाकरीच्या पिठासारखा मऊ, राखाडी. पॅनेल पुसायला येणारा माणूसही लॉकडाऊनमध्ये घरीच होता. बादली आणि जुना पंचा घेऊन तासभर घासलं, आणि त्या संध्याकाळी आकडा टुणकन वर. आभाळ किती स्वच्छ झालं होतं ते माझ्या ॲपला कळलंच नाही. त्याला कळली ती फक्त माझी झाडलोट.

यात नवल नाही. गांधीनगरच्या आयआयटीत पॅनेल काही आठवडे न पुसता ठेवून मग पुसले, तेव्हा वीज निम्म्याने वाढल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात आलं आहे. विजेचं बिल हातात धरून हवा स्वच्छ झाली की नाही हे ठरवता येत नाही ते यामुळेच. त्यासाठी पायरानोमीटर लागतो, आणि पायरानोमीटरला ते फडकं.

ऊन वाढलं, मग गरम झालं का?

इथून प्रकरणाचा अवघड भाग सुरू होतो, आणि लोकांचा गोंधळही इथेच होतो. लॉकडाऊनने पृथ्वीला विसावा मिळाला, तापमानवाढ थांबली, अशी एक समजूत तेव्हा होती. प्रत्यक्षात त्या महिन्यांत आपण दोन वेगळ्या गोष्टी कमी केल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात.

पहिली कार्बन डायऑक्साइड. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन आदल्या वर्षीच्या सरासरीपेक्षा १७ टक्क्यांनी खाली होतं; पूर्ण वर्षाची घट पाच टक्क्यांच्या थोडी वर भरली. तरी हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत मे २०२० ची सरासरी दशलक्षात ४१७ भाग होती, म्हणजे तोवरचा उच्चांकच. वाण्याकडे उधारीचं खातं असतं तसं आहे हे. महिनाभर थोडं कमी सामान आणलं म्हणून मागची बाकी उतरत नाही; फक्त वाढ जरा हळू होते. या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो.

दुसरी गोष्ट तरंगणारे कण. हे आठवड्याभरात खाली बसतात किंवा पावसात धुतले जातात. गंधकाच्या धुरापासून बनणारे सल्फेटचे कण पांढुरके असतात. ते ऊन परत फेकतात आणि खाली गारवा ठेवतात. काजळी उलट वागते, पण बेरीज गारव्याच्या बाजूला जाते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात हा ताळेबंद आहे: ग्रीनहाऊस वायूंनी एकोणिसाव्या शतकानंतर १.० ते २.० अंश गरम केलं आणि मुख्यतः कणांनी ०.० ते ०.८ अंश थंड केलं. म्हणजे आपण भोगतो ती उष्णता वजाबाकी होऊन उरलेली आहे. धूर विषारीही आहे आणि छत्रीही आहे. छत्री मिटली की आधीपासून तिथेच असलेलं ऊन अंगावर येतं.

छत्री मिटताना पाहण्याची उत्तम जागा दिल्ली नव्हे, मालदीव. तिथे हनिमाधू बेटावर एक हवामान वेधशाळा आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत भारतीय उपखंडाचा धूर वाऱ्याबरोबर हिंद महासागरावर उतरतो, आणि तो मोजायला त्या बेटासारखी मोक्याची जागा नाही. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुत्झेन या हवामानशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये इंडोएक्स ही मोहीम याच समुद्रावर काढली होती. दक्षिण आशियावरच्या धुराच्या तपकिरी ढगाची चर्चा तिथूनच जगभर गेली. २०२० मध्ये तिथे उत्तर हिंद महासागरावर पोचणारं ऊन सुमारे सात टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. दिल्लीतले आठ आणि भर समुद्रातले सात: वेगळी जागा, वेगळी माणसं, पण निष्कर्ष शेजारी शेजारी बसले. कणांमुळे हवेच्या थराचं तापणं दिवसाला ०.४ अंशाने कमी झालं आणि ते ऊन खाली उतरलं. ही मोजणी मांडणारा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक हिशेब अंगावर येतो. पडदा सरकल्यामुळे दक्षिण आशियावर जी जास्तीची ऊर्जा अडकली, ती याच प्रदेशावरच्या कार्बन डायऑक्साइडने अडवलेल्या एकूण ऊर्जेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश होती. निरभ्र आकाशात, मार्च ते मे या काळात, चौरस मीटरला साधारण १.४ वॉट.

मग थर्मामीटरवर काय दिसलं? कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या हवामान संशोधन केंद्राने संगणकी प्रतिमानावर गणित केलं. २०२० च्या वसंतात जमिनीवर काही भागांत ०.१ ते ०.३ अंश जास्त ऊब, जगभराच्या सरासरीत मात्र ०.०३ अंशाच्या आसपास. डझनभर प्रतिमानं एकत्र घेऊन झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाला तर नेहमीच्या चढउतारातून वेगळा काढता येईल असा तापमानातला फरक सापडलाच नाही. दक्षिण आणि पूर्व आशियावरचे कण कमी झाले एवढं स्पष्ट दिसलं. ज्या मेमध्ये राजस्थानातल्या चुरूचा पारा ५० अंशांवर गेला, त्या मेमध्ये दशांशातला फरक शोधायचा म्हणजे बॅण्डबाजाच्या वरातीत मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं. चुरूचे ५० अंश लॉकडाऊनने आणले असं कुणी म्हणालं तर ते साफ चूक, आणि लॉकडाऊनने जग थंड केलं हेही तितकंच चूक.

पुण्याच्या पाषाणातून पाऊस

या प्रकरणाला एक मराठी मातीतला धागा आहे आणि तो उगाच ओढून आणलेला नाही. भारतात ऊन मंदावत चाललंय हे दाखवणारा महत्त्वाचा निबंध पुण्यातल्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतून २००७ मध्ये आला होता. बी. पद्मा कुमारी आणि सहकाऱ्यांनी हवामान खात्याच्या बारा केंद्रांच्या १९८१ ते २००४ च्या नोंदी पाहिल्या. ऊन दरवर्षी चौरस मीटरला ०.८६ वॉटने घटत होतं. म्हणजे आमच्या पिढीने शाळेत असताना पाठीवर घेतलेलं ऊन आणि पुढच्या पिढीचं ऊन यांच्यात मोजता येईल एवढं अंतर पडलेलं होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये हीच संस्था पुढे आली ती मान्सूनसाठी. सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांनी विचारलं: ऊन वाढलं तर पाऊस बदलतो का? प्रश्न बरोबर होता. मान्सून म्हणजे शेवटी तापलेली जमीन आणि तिच्या मानाने गार समुद्र यांच्यातली ओढाताण. धुरक्याने जमीन कमी तापली की ओढ ढिली पडते. त्यांच्या प्रतिमानात दक्षिण आशियाच्या काही भागांत जमिनीवरचं ऊन चौरस मीटरला चार वॉटने वाढलं, तिबेटच्या पठारावर धूळ साचून तिथला उष्ण गाभा आणखी तापला, विषुववृत्ताच्या पलीकडून येणारी वाफ वाढली आणि देशाचा पाऊस चार टक्क्यांनी, मध्य भारतात पाच ते पंधरा टक्क्यांनी वाढला.

२०२० चा मान्सून खरोखरच चांगला झाला, सरासरीच्या १०९ टक्के. मोह होतो दोन्ही जोडायचा. पण २०१९ मध्ये लॉकडाऊनचं नावही नव्हतं, आणि तो मान्सून ११० टक्के होता. शिवाय २०२० मध्ये प्रशांत महासागरात ला निना, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा गार होण्याची स्थिती, आकार घेत होती, तीही आपल्या पावसाला हात देते. फडणवीस यांच्या अभ्यासाचं मोल मला वेगळ्याच ठिकाणी वाटतं. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त धूर काढला तर काय होईल, हे प्रतिमानात विचारता येतं. त्या वर्षाचा पाऊस कुणी पाडला, हा निराळा प्रश्न. दोन्हींची सरमिसळ करून बातमी होते, अभ्यास होत नाही.

नोव्हेंबर आणि बँकेचा तक्ता

बाकीचं पटकन सांगून होण्यासारखं आहे. जूनपासून गाड्या परतल्या, पावसाने हवा काही महिने धुतलेली ठेवली, आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, पुन्हा ‘गंभीर’मध्ये जाऊन बसला. शेतातले पिकाचे खुंट जळाले, दिवाळी झाली, सावल्यांच्या कडा पुन्हा पुसट. जालंधरला धौलाधार परत धुरकट.

आता ज्याचं पोट यावर आहे त्याचं बघा. दिल्लीत गच्चीवर सौर प्रकल्प उभा करायचा तर बँकेपुढे २५ वर्षांच्या विजेचा तक्ता ठेवावा लागतो. त्यातलं ऊन मागच्या वर्षांच्या नोंदींवरून धरतात. ती वर्षं धुरक्याची. म्हणजे दर वर्षी बुडणारे ते १२ टक्के तक्त्यात नुकसान म्हणून दिसतच नाहीत. दिल्लीचं ऊन एवढंच, असं समजून ते आधीच वजा झालेले असतात. चीनमध्ये असाच हिशेब झाला आहे: १९६० ते २०१५ या काळात सौर विजेची तिथली क्षमता सरासरी ११ ते १५ टक्क्यांनी घटली. कोळसा जाळायचा, त्याच्या धुराने स्वतःच्या पॅनेलवर सावली धरायची, आणि कमी पडलेल्या विजेसाठी पुन्हा कोळसा जाळायचा.

तक्त्यात कुठली दिल्ली धरायची हे कारकुनी काम नाही. कोळशाची केंद्रं बंद होत गेली, गाड्या विजेवर आल्या, तर पॅनेलवरचं ऊन वाढेल, आणि ज्या वर्षी वाढेल त्याच वर्षी छत्रीही मिटेल. प्रकल्पाला जास्त युनिटं मिळतील, खालच्या घरातला एसी जास्त चालेल, आणि त्या जास्तीच्या युनिटांतली काही त्या एसीतच जातील.